दस्ता मूळचाच हाय

ठाण्यातल्या साहेबांनी जुन्या लायसन्सवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "मॅडम, ही बंदूक ती दिसत नाही."

बंदूक दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वय चौऱ्याऐंशी. आजोबांनी ती विलायती दुनळी घेतली ती हिंजवडीच्या आमच्या उसात रानडुकरं शिरायची म्हणून. आता तिथे ऊस नाही, डुकरं नाहीत, काचेच्या इमारती आहेत. दादा माझ्याकडे कर्वेनगरला राहतात, बंदूक माझ्या कपाटात राहते आणि मी काळजीत राहते.

लायसन्सच्या नूतनीकरणाला दादा आणि मी गेलो होतो. कागदावर जुन्या अक्षरात लिहिलं होतं, "दुनळी, बारा बोअर, दस्ता सरळ मुठीचा." दस्ता म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग. आमच्या दस्त्याची मूठ तर चांगली खाली वळलेली. लोखंडावरचा नंबर इतका झिजलेला की शेवटचे दोन आकडे लागेनात. साहेबांनी आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या परवानेवाल्याचं मत. मग दादांकडे वळले. "बदलली असेल तर आत्ताच सांगा, आजोबा. नंतर जड जाईल."

"दस्ता मूळचाच हाय," दादा म्हणाले.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दादा कोर्टात उभे होते. माझा स्वभावच मेला असा. कुकरची शिट्टी लांबली तरी मला सिलिंडर फुटलेलं दिसतं. पण या वेळी काळजी काही उगाच नव्हती. बंदूक अदलाबदल केली असा शिक्का या वयात बसला असता तर दादांनी हाय खाल्ली असती.

"दादा, खरं सांगा ना. कुणी बदलला का दस्ता?"

"न्हाई म्हनलं ना एकदा."

"मग कागदावर सरळ कसं?"

"लिवनाऱ्याची चूक."

आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले. हे त्यांचं नेहमीचं. आमच्या नात्यात दादा नेमबाज म्हणून प्रसिद्ध. एका हंगामात तीन डुकरं पाडलेली. लग्नाकार्यात कुणी ना कुणी ती गोष्ट काढायचंच. दादा स्वतः कधी सांगायचे नाहीत, मान खाली घालून सुपारी कातरत बसायचे. आम्ही म्हणायचो, बघा, काय हा विनय!

तिसऱ्या दिवशी दादांना सोबत घेऊन, बंदूक खोळीत घालून रिक्षाने पेठेतल्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात नेली. रिक्षावाल्याने विचारलं, "सतार का?" मी घाईघाईने हो म्हटलं आणि उतरेपर्यंत घामाघूम झाले.

दुकानदार सत्तरीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि नुसतं वरून खाली पाहिलं.

"दस्ता मूळचा, असं कोण म्हणतं?"

"मी," दादा म्हणाले.

"बरं. मग लाकडालाही तसं कळवून टाका."

एरवी मी चिडले असते. पण ते मला एकेक दाखवत गेले. नळ्यांखाली पुढचा हात धरतो ते लाकूड अक्रोडाचं, दस्ता मात्र शिसवीचा. लोखंड आणि लाकूड मिळतं त्या सांध्यात त्यांनी नख घातलं, ते आत गेलं. विलायती कारागिराच्या कामात केससुद्धा जात नाही म्हणे. चापाभोवतीच्या कडीला मागे लांब पट्टी असते. ती सरळ मुठीसाठी सरळच घडवलेली होती. नंतर कुणीतरी ठोकून वाकवून नव्या मुठीवर बसवली होती, ठोक्यांच्या खुणा अजून तशाच. मग त्यांनी स्क्रू काढून दस्ता उतरवला. लाकडाखाली इतकी वर्षं झाकलेल्या लोखंडावर नंबर लख्ख होता. कागदावरचाच!

"बंदूक तीच. दस्ता नवा. तसं लिहून देतो."

देवा रे! मला रडूच आलं. पण त्यांनी दस्ता खाली ठेवला नाही, डोळ्यासमोर आडवा धरला.

"उजव्या खांद्यावर धरणाऱ्यासाठी दस्ता किंचित उजवीकडे झुकवतात. हा डावीकडे झुकलाय. शिवाय दोन बोटं आखूड. घरात लहान चणीचं, डावखुरं कोणी होतं का हो?"

आई. पाहुणे नसले की डाव्या हाताने भाकरी थापायची आणि कुणाची चाहूल लागली की तो हात पदराआड घ्यायची. मी दादांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

सुटकेचा आनंद पायऱ्या उतरेपर्यंतही टिकला नाही. आईच्या नावाने लायसन्स कधीच नव्हतं! रिक्षात मी दादांना बजावलं, "दस्ता मोडला म्हणून बदलला, एवढंच सांगायचं. बाकी अवाक्षर नाही." पुढचे चार दिवस सकाळ-संध्याकाळ हेच घोकून घेतलं. ते हूं म्हणायचे.

ठाण्यात साहेबांनी दुकानदाराचं पत्र वाचलं. "नंबर जुळला. छान. दस्ता मोडला होता का?"

मी जोरजोरात मान हलवली.

"मोडला न्हवता," दादा म्हणाले. "माझा नेमच न्हवता कधी. आमच्या मंडळींचा व्हता. दणक्यानं तिचा खांदा काळानिळा पडायचा, म्हनून सुताराकडनं तिच्या मापाचा करून घेतला. तिन्ही डुकरं तिनं पाडली. नाव माझं झालं, आन् मी ते होऊ दिलं."

मला वाटलं, इथेच जमिनीत गडप व्हावं.

साहेबांनी विचारलं, "त्या कुठे आहेत?"

"गेली. नऊ वर्सं झाली."

साहेबांनी दुकानदाराचं पत्र फायलीत लावलं. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "आजोबांना कशाला त्रास, तुम्ही लिहा. दस्ता वापरणाऱ्याच्या मापाने बदलला. बास."

मी झरझर लिहायला घेतलं. असं वाक्य सुचवल्याबद्दल त्या माणसाचे पाय धरावेसे वाटत होते.

"वापरनारीच्या," दादा म्हणाले.

"दादा, प्लीज!"

"वापरनारीच्या लिव."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चार दिवस मी या माणसाला खोटं बोलायला शिकवत होते, आणि तो चाळीस वर्षांचं खोटं खाली ठेवायला निघाला होता. पेन धरवत नव्हतं इतकी मी भेदरले होते. तरी लिहिलं. वापरणारीच्या. दादांनी खाली सही केली.

साहेबांनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, एका शब्दात चूक झालीय. पण शुद्धलेखन तपासणं माझं काम नाही." आणि शिक्का मारला.

"चूक न्हाई ती," दादा म्हणाले.