ग्रीक वाक्यं आणि पिवळी कोकरं

मला प्राचीन ग्रीक येत नाही. तरीही सोनपेठजवळच्या आमच्या गावात बसून मी प्राचीन ग्रीक वाक्यं रंगवत होते.

पुण्याच्या एका प्राध्यापकबाईंनी नमुन्याचं काम दिलं होतं. वाक्याची रचना वेबपानावर बघताक्षणी कळावी, एवढंच. कोणता शब्द कशाशी जोडलेला, हे त्यांनी नोंदवून दिलेलं. रंग मी द्यायचे, स्टाईलशीटमधून (म्हणजे पान कसं दिसावं याच्या हुकुमांची यादी). पसंत पडलं तर कायमचं काम, तेही घरून. नाहीतर परत पुण्याची खोली. मला ती खोली अजिबात नको होती.

मी नामं लाल केली, क्रियापदं निळी, विशेषणं पिवळी. बाईंचं उत्तर आलं, "रंग छान. वाक्य कळत नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा बघा."

तेवढ्यात आबा दारात. "नुसती बसलीयस तर मेंढरं तरी रंगव."

आमची आणि काकांची मेंढरं खतासाठी एकाच शेतात बसवलेली. कातरणीत लोकरीबरोबर जुने रंगही गेलेले, आणि दुपारी कळप वेगळे व्हायचे होते. आपली लाल, काकांची निळी, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण डोक्यात स्टाईलशीट! मी मन लावून मेंढे लाल केले, मेंढ्या निळ्या, कोकरं पिवळी.

"ह्ये काय करायलीस?" आबा.

"प्रकारानुसार रंग दिलाय."

"मेंढा हाय ह्ये आंधळ्यालाबी कळतंय. कुनाचा हाय, त्यासाठी रंग असतोय!"

काका म्हणाले, "मोठी मी वळखतो. पन ही पिवळी लेकरं कुनाची?" आणि त्यांनी कोकरं कोंडलेली जाळी उचलली. "सोडा. त्येंचं त्येच सांगतेत."

एकेक कोकरू ओरडत, परक्या मेंढ्यांना ओलांडत, नेमकं आपल्या आईला जाऊन लुचलं. काका मागोमाग आई ज्या कळपातली, त्या रंगाचे ठिपके देत गेले.

मी रंगल्या हातांनीच घरी पळाले. ग्रीकमध्येही विशेषण इकडे, त्याचं नाम चार शब्द पलीकडे, मध्ये सगळी परकी गर्दी. मी दोघांना एकच रंग दिला आणि पान पाठवलं.

"आता वाचता येतं. काम तुमचंच," बाईंनी लिहिलं. "कल्पना कुठं सुचली?"

मी 'प्रत्यक्ष निरीक्षण' असं कळवलं आणि आनंदानं रडले.

आबांना सांगितलं. "लय भारी झालं," रंगाचे डबे पेटीत ठेवून कुलूप लावत ते म्हणाले. "तू आता ग्रीकच रंगव. त्यात कुनाचं कोकरू हरवत न्हाई."