अंबाजीचा काटा

आमच्या रेवसकडच्या खारपट्ट्यात मैलाच्या दगडावरही संशय घेणारा माणूस एकच, अंबाजी. "ठेकेदारानं पुरलेत ते, देवानं न्हाय," हे त्याचं म्हणणं. ट्रक चालवणं सोडल्यावर दोन वर्षं अंगणात खपून त्याने स्वतः गाडी बांधली. जुन्या जीपचा सांगाडा, व्हॅनचं इंजिन आणि भंगारातून आणलेला स्पीडोमीटर. कागदपत्रं कशी जमवली ते मी विचारलं नाही.

गाडी होती बायकोसाठी, सखुबाईसाठी. अकरा वर्षांपूर्वी तिला शेजारी बसवून नेताना त्याचा ट्रक मिठागरात उलटला. तिच्या हनुवटीला टाके पडले, त्याचा खांदा मोडला. "काटा चाळीसवर होता, काटाच खोटा," असं तो तेव्हापासून सांगत आला. सखुबाई भांडली नाही. फक्त त्याच्या शेजारी पुन्हा बसली नाही. किहीमला बहिणीकडे जायचं तरी एसटीने. नव्या गाडीसाठी तिची अट एकच होती, आधी काटा तपासा, मग बघू.

मोबाइलवर वेग कळतो, असं मी सुचवलं. मोबाइल कंपनीने मला फितवलं असावं, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. शेवटी मिठागरवाल्यांची जुनी रीत काढली. दोन्ही हात पसरून दोरी मापायची. या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव, म्हणजे सहा फूट. अंबाजीने मापलेली पन्नास वावांची दोरी बांधाच्या सरळ रस्त्यावर अकरा वेळा टाकली की किलोमीटर झाला. दोन्ही टोकांना चुन्याच्या रेघा मारल्या. काटा चाळीसवर धरला तर हे अंतर नव्वद सेकंदांत कापलं पाहिजे.

मी घड्याळ घेऊन मागे बसलो. त्र्याऐंशी सेकंद. पुन्हा त्र्याऐंशी. मग त्याने माझं घड्याळ काढून घेतलं आणि स्वतः मोजलं. तेवढेच.

"बगितलंस मास्तर? चोर हाय! पळतो जास्ती, दाखवतो कमी."

स्वारी भलतीच खूश झाली आणि काटा सरकवायला स्क्रूड्रायव्हर शोधू लागली. मला त्याचा रागच आला. दोन वर्षांची मेहनत खोटी ठरल्यावर कुणी एवढं हसतं का?

सखुबाई बांधावर बसून सगळं बघत होती. ती उठून आली.

"हात पसरा," ती म्हणाली.

त्याने पसरले. डावा सरळ गेला. उजवा शेवटाला जरा वाकडाच राहिला. मोडलेला खांदा पुढे सरकेना.

"ही वाव सहा फुटांची हाय?"

मी घरून टेप आणून दोरी मोजली. प्रत्येक वाव अर्धा फूट कमी भरत होती. म्हणजे त्याचा किलोमीटरच आखूड होता, म्हणून सेकंद कमी लागले. काटा अगदी बरोबर होता.

अंबाजीने टेपवर संशय घेतला नाही, माझ्यावरही नाही. त्याचीच मला भीती वाटली.

"ह्यो काटा खरा निघाला," सखुबाई म्हणाली. "मंग ट्रकचा?"

त्याने पायाने चुन्याची रेघ पुसली. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"त्यो बी खराच व्हता," तो म्हणाला. "सत्तरवर व्हता. मी बगितला व्हता."

"मी बी बगितला व्हता," सखुबाई म्हणाली, आणि दार उघडून त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली.