बायकोचं दहावं आणि पोरीची पाठ

माझी बायको गेली तेव्हा जावई पोटच्या लेकासारखा राबला. तिरडी त्यानं बांधली, सरण त्यानं रचलं, आल्यागेल्याला चहा त्यानंच दिला. आम्हाला एकच पोरगी. मी चारचौघांत म्हणालो, "जवाई भेटावा त असा." पोरगी चुलीपाशी बसली होती. बोलली नाही. आई मेली म्हणून गप्प असंल, असं मी धरलं.

दहाव्याला आमच्याकडे सारं गाव नदीवर जातं. पुरुष इकडं डोकी भादरतात, बाया पलीकडं खडकाच्या आड अंघोळ करतात. पोरगी यायला तयार नव्हती. ताप आहे म्हणाली. पण आईच्या दहाव्याला लेकीनं अंघोळ नाही केली तर कसं? बायांनी हात धरून नेलीच.

माझं अर्धं डोकं झालं होतं. जावई बाजूलाच बसला होता. तेवढ्यात शेजारीण ओल्या लुगड्यानं तरातरा आली. माझ्या बायकोची जिवाची मैत्रीण. बाई माणूस पुरुषांच्या बाजूला कधी येत नाही, ती आली.

"भाऊ, पोरीची पाठ पाह्यली काय?"

"बाप कायले पाहीन पोरीची पाठ?"

"म्हणूनच सांगून राह्यली. पट्ट्याचे वळ हायेत. काही जुने, काही ओले."

जावई उठला. "विहिरीवर पडली होती ते."

"विहीर का कमरेले पट्टा बांधून राह्यते, जवाई?"

कोणी हसलं नाही. न्हाव्याचा वस्तरा थांबला. मी तसाच उठलो, पण करावं काय ते कळेना. हातात जोर नाही. शाळा दुसरीपर्यंतची. पोरीचं सुखदुःख बायकोच पाहायची, आणि तिच्याच दहाव्याला मला हे कळत होतं.

दुपारी जेवणं आटपली. जावयानं मोटरसायकल काढली. "चाल," म्हणाला. पोरगी पिशवी घेऊन निघालीसुद्धा. अंगणात बाया भांडी घासत होत्या. शेजारीण राखेच्या हातानं आडवी उभी राहिली.

"आईचं तेरावं बाकी हाय. लेक हालत नाई."

"माही बायको हाय ते!"

"हाय ना. म्हणून त जित्ती पाह्यजे."

तो माझ्याकडे वळला. "मामाजी, तुम्ही सांगा हिले." साऱ्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या. पोरगीही.

"तू जाय," मी त्याला म्हणालो. "पोरगी इथी राहीन."

दुसऱ्या दिवशी शेजारीण आम्हाला तालुक्याला घेऊन गेली. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पाठ तपासली. मग मार खाल्लेल्या बायांसाठी सरकारनं नेमलेल्या मॅडमच्या ऑफिसात गेलो. मॅडमनं पोरीला पाणी दिलं. म्हणाल्या, "घाई नाही. तक्रार द्यायची की नाही, ते तुम्हीच ठरवा."

"द्याची हाय," पोरगी म्हणाली. मग माझ्याकडे न पाहता बोलली, "बाबा, तुम्ही बाहेर बसा. तुमच्यासमोर नाई सांगता येत."

मी बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. फार वेळ बोलत होती. मग एकदम तिनं हंबरडा फोडला, "माय व माय!"

मी उठून दारापर्यंत गेलो. कडीला हात लावला. पण हाक आईला होती. मी तिथंच उभा राहिलो.