ओढ्याचं पाणी

खालापूरच्या रस्त्याला कंपनीचा आंबूस वास आला की मला देवळातली ती बैठक आठवते. आमच्याच गावचा, कंपनीतला एक कंत्राटी कामगार उभा राहून सांगत होता, जोराचा पाऊस लागला की कंपनी रसायनाचं पाणी ओढ्यात सोडते. मी तिथेच कायम नोकरीला, म्हणून भडकलो. "तुला कायम केलं नाय, म्हणून बोंबलतोस काय रं?" तो म्हणाला, "राग हाय माझा. पण पाणी सोडताना मी सोता बघितलंय." खोटारडा म्हणत आम्ही त्याला देवळातून हाकलला. मग म्हशी सोडल्या आणि दारचा ओढा टाळून, रोजच्यासारख्या, लांबच्या बोअरिंगवर पाण्याला नेल्या. बैठकीतले सगळेच तिथे रांगेत होते. तो खरं बोलत होता का, असं आता पोरगी विचारते. म्हशींना विचार, म्हणतो मी.