गुळाच्या पेढीमागची खोली

दुपारचं प्रॅक्टिकल चाललं होतं. पोरं आपापल्या मशिनसमोर, मी त्यांच्यामधून फिरतोय, आणि खिशातला फोन थरथरायला लागला. वर्गात मी फोन उचलत नाही, पण नाव शीतलच्या पेढीवरच्या दिवाणजींचं होतं, आणि दिवाणजी मला कधीच फोन करत नसत. "सर, तुमी या," एवढंच ते आधी म्हणाले. मग म्हणाले, "शीतलमालक गादीवर बसल्या बसल्या कलंडलं. डाक्टर येऊन गेलं..." मी वर्ग तसाच सोडून निघालो. शाहूपुरीत पोचलो तेव्हा पेढीसमोर हमाल भिंतीला टेकून उभे होते, गुळाचा ट्रक अर्धा उतरवून तसाच थांबला होता, आणि आत शीतलचे वडील, आम्ही सगळे ज्यांना आप्पा म्हणतो, गादीच्या कडेला खाली फरशीवर बसले होते. गादीवर शीतल होता. कुणीतरी त्याचा चष्मा काढून तक्क्यावर ठेवला होता.

शीतल हे आमच्याकडच्या जैन घरांत पुरुषाचंही नाव असतं, हे कोल्हापूरबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमची ओळख इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. मी हातकणंगल्याहून रेल्वेनं यायचो, तो शाहूपुरीतून सायकलवर. कॉम्प्युटर लॅबमध्ये एका मशिनवर दोघं बसवले होते, ते आम्ही. तो आमच्या घरी यायचा तेव्हा आई दिवस मावळायच्या आत स्वयंपाक करायची, कारण अंधार पडल्यावर तो जेवायचा नाही. वर पावसाळ्यात कांदा नाही, बटाटा नाही. "ह्यात काय चव लागणार लेकराला," म्हणून ती हळहळायची आणि डाळीत जास्तीचं तूप सोडायची. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून शीतल ते सगळं निमूट संपवायचा. जाताना म्हणायचा, "आई, आमच्या वहिनीला एकदा शिकवा की ही डाळ." आई त्यावर आठवडाभर खूश असायची.

डिग्री झाली. मी इथंच पॉलिटेक्निकमध्ये लागलो आणि तो बेंगळुरूला गेला. तिथं त्याचं उत्तम चाललं होतं. मग त्याचा थोरला भाऊ भरतदादा पन्हाळ्याच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि गेला. भरतदादाच आप्पांच्या हाताखाली पेढी सांभाळायचा. मागं वहिनी, दोन लहान मुली, आणि डोळ्यात मोतीबिंदू उतरलेले आप्पा. ऐन हंगाम होता. गुऱ्हाळांवरून माल येत होता, सकाळी सौदे निघत होते. शीतल रजा टाकून आला. "हंगाम सरला की जातो," असं त्यानं मला स्टँडवरच सांगितलं. हंगाम सरला. मग थकलेल्या बाकीची वसुली निघाली, मग आप्पांचं ऑपरेशन निघालं, मग पुढचा हंगाम उभा राहिला. बेंगळुरूच्या खोलीतलं सामान मित्रानं ट्रान्सपोर्टनं पाठवलं, ते पेढीच्या मागच्या खोलीत उतरलं. बरीच वर्षं त्यातली काही खोकी त्यानं फोडलीसुद्धा नव्हती.

पेढीवर बसणं म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. काम सकाळी तीन-चार तासांचं, पण बसायचं दिवसभर. आप्पांचं एक वाक्य होतं, "गादी मोकळी दिसली की बाजार बोलतो." म्हणून गिऱ्हाईक असो-नसो, शीतल बसलेला. गूळ सगळीकडं असतो तिथं. फरशीला चपला चिकटतात, दाराच्या कडीला हात चिकटतो, हंगामात माशा आणि गांधीलमाशा घोंघावत असतात. मी संध्याकाळी कॉलेजवरून जाताना डोकावायचो. तो मान वर करून म्हणायचा, "ये मिल्या. बस. मला तर उठता येत न्हाय." आणि हसायचा.

त्या मागच्या खोलीत, गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीशेजारी, त्यानं एक टेबल आणि आपलं मशिन लावलं. दुपारी आप्पा पेढीला लागून असलेल्या घरात वामकुक्षीला गेले आणि सौद्याचा गलका ओसरला की दार उघडं ठेवून, म्हणजे गादी नजरेसमोर राहील असं बसून, तो तिथं काम करायचा. काम म्हणजे पैशाचं नव्हे. जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि कुणालाही फुकट वापरू देतात अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्यातल्या प्रत्येक कमांडचं एक माहितीपान असतं आणि प्रत्येक पानाच्या शेवटी 'हेही पाहा' म्हणून दुसऱ्या पानांची नावं दिलेली असतात. नावापुढं कंसात विभागाचा आकडा, कारण एकाच नावाचं एक पान साध्या कमांडचं असतं आणि दुसरं प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी. आकडा चुकला की माणूस भलत्याच पानावर जातो. आता ही नावं लिहायची पद्धत प्रत्येकाची वेगळी. कुणी नुसतं नाव ठळक केलेलं, कुणी तिरपं, कुणी साधंच सोडलेलं, आणि थोड्याच लोकांनी त्यासाठी ठरवलेली खूण वापरलेली. ती खूण असली तरच मशिनला कळतं की हे दुसऱ्या पानाचं नाव आहे, तिथं वाट, म्हणजे लिंक, जाते. शीतलनं ठरवलं की सगळ्या पानांवर एकच खूण हवी.

मी त्याला विचारलं होतं, "अरे पण वाचणाऱ्याला दिसतं सारखंच. ठळक ते ठळक. मग कशाला एवढी उठाठेव?"

"ठळक दिसलं म्हणून नाव होत न्हाय, भावा," तो म्हणाला. "माणूस शहाणा असतो, समजून घेतो. मशिन न्हाय घेत. आणि उद्या हीच पानं वेबवर टाकली, तर ज्याला खूण हाय तेवढ्यालाच वाट फुटणार. बाकीचं आंधळं."

ती सिस्टीम बनवणाऱ्या गटातल्या लोकांनी सुरुवातीला त्याला असंच विचारलं होतं. महिनोन्‌महिने वाद चालला. एकानं कंटाळून एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि कंसात आकडा असलेलं प्रत्येक नाव एका झटक्यात खुणेत घातलं. त्यानं घोटाळाच झाला. उदाहरणं म्हणून दिलेल्या प्रोग्राममधल्या ओळीसुद्धा पानांची नावं होऊन बसल्या. त्यात 'एक्झिट', कंसात एक, अशी ओळ पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे इथून बाहेर पड, असा मशिनला दिलेला हुकूम. तीसुद्धा वाट झाली, आणि त्या वाटेनं गेलं की पुढं उत्तर यायचं, असं पान नाही. शीतलनं मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "बघ की मिल्या. बाहेर पडायचं पानच न्हाय म्हणतंय." मीही हसलो. मग तो पुढं झाला आणि एकेक ओळ डोळ्यांनी वाचत सुधारायला लागला. त्यानंतर गटानं ते काम त्याच्याकडंच सोपवलं. प्रोग्रामवर विसंबायचं नाही, प्रत्येक पान वाचून खूण घालायची, आणि या पानानं त्या पानाचं नाव घेतलं असेल तर त्या पानावर याचं नाव आहे का तेही पाहायचं. रोज दुपारी थोडी थोडी पानं, असं ते वर्षानुवर्षं चाललं. तिकडच्या कुणालाच ठाऊक नव्हतं की हा माणूस गूळ विकतो.

एकदाच सुटायची वेळ आली होती. त्या गटातल्या एकाच्या कंपनीला माहितीपानांचं काम बघणारा पूर्णवेळ माणूस हवा होता. काम बेंगळुरूत, नेमकं शीतल करत होता तेच, आणि त्यांना शीतलच हवा होता. त्यानं मला बोलावून घेतलं, म्हणाला, "तू समोर बस. मी आप्पास्नी सांगणार हाय." दुपारची वेळ होती. आप्पा नुकतेच उठून गादीवर येऊन बसले होते. शीतलनं सगळं सांगितलं. न थांबता, पाठ केल्यासारखं. आप्पांनी ऐकून घेतलं. रस्त्याकडं बघत म्हणाले, "जा की. कोण धरलंय तुला?"

बस्स, एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. वहिनी आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या कप ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. बाहेर एक शेतकरी टेंपोतून उतरला आणि "हाय का मालक?" म्हणून ओरडला. शीतल उठून त्याच्याकडं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला नाही म्हणून कळवलं. मी भांडलो त्याच्याशी. "अरे, जा म्हणाले की ते!" तर म्हणाला, "तू बघितलंस न्हवं कसं म्हणाले? नको जाऊ म्हटले असते तर भांडून गेलो असतो."

पुढं पुढं तो कमी बोलायला लागला. लग्नाचं कुणी काढलं की "बघू" म्हणायचा, आणि लोकांनी काढायचं बंद केलं. एका रविवारी मी त्याला हट्टानं पन्हाळ्यावर नेलं. झुणका-भाकरी खायची, तटावरून वारं खात फिरायचं, असा माझा बेत. तो तटाशी उभा राहिला, खाली बघितलं, खिशातून फोन काढला, परत ठेवला. थोड्या वेळानं म्हणाला, "चल जाऊया. गाडी येणार हाय मालाची." मी म्हटलं, आज रविवार, कसली गाडी? "असू दे," म्हणाला, "गादी मोकळी दिसती." आप्पांचं वाक्य आता त्याच्या तोंडून यायला लागलं होतं. मला वाटतं, घाट उतरताना भरतदादा जिथं पडला ते वळणही आम्ही ओलांडलं असेल, पण त्यानं तिकडं बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं रेटून केली. भरतदादाच्या मुलींना शिकवलं. थोरली पूर्वा पुण्यात नोकरीला लागली तेव्हा तिला सोडायला तो स्वतः गेला आणि त्याच दिवशी परत आला.

तो गेल्यावर गटाला कळवायचं काम माझ्यावर आलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांच्या त्या लोकास्नी सांगाय पायजे की." मी चार ओळी लिहिल्या. उत्तरं येत राहिली, कुठकुठल्या देशांतून. आम्हाला वाटायचं ते एखाद्या विद्यापीठात असतील, असं एकानं लिहिलं. पेढी म्हणजे काय असतं, असं एकीनं विचारलं. मी तिला बरंच काही लिहायला बसलो आणि मग एवढंच लिहिलं, की ते गुळाचे व्यापारी होते.

सुतक फिटल्यावर मी भेटायला गेलो, तर गादीवर पूर्वा बसली होती. केस बांधलेले, फोन कानाला, कुणाला तरी भाव सांगत होती. मी दारातच थांबलो. फोन ठेवून ती आप्पांना म्हणाली, आमच्याकडच्या मुली बोलतात तसं, "आप्पा, मी बसतो की थोडं दिवस. तुमच्यानं एकट्यानं व्हायचं न्हाय." आप्पा काठी टेकत उठले, तिच्याजवळ गेले आणि हाताला धरून तिला उभं केलं. मग दिवाणजींना म्हणाले, "गोदामात हाय तेवढा माल काढून टाका. नवा घेऊ नगासा. पेढी बंद."

पूर्वा रडायला लागली. दिवाणजी आप्पांकडं बघतच राहिले. चार पिढ्यांची पेढी. आप्पांनी पूर्वाला सांगितलं, "तुला जा म्हणत न्हाय. घालवतोय तुला. उद्याच्या गाडीनं जायचं." ती आत गेल्यावर ते माझ्याकडं वळले. त्यांना आता नीट दिसत नाही, माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत ते म्हणाले, "मिलिंदा, मी त्याला जा म्हटलो हुतो ते खरं म्हटलो हुतो. मनापासनं. त्याला तसं वाटलं न्हाय व्हय रं?"

"ठावं न्हाय आप्पा," मी म्हटलं.

आता पेढी रिकामी आहे. हमाल दुसरीकडं लागले, दिवाणजी शेजारच्या व्यापाऱ्याकडं बसतात. पण आप्पा सकाळी येऊन शटर उघडतात आणि दुपारपर्यंत तिथंच असतात. गेल्या आठवड्यात गेलो तर समोर दिसले नाहीत. मागच्या खोलीत होते, शीतलच्या खुर्चीवर. मशिन चालू होतं. तो गेला त्या दिवसापासून ते कुणी बंदच केलेलं नाही. पडद्यावर एक पान उघडं होतं, अर्ध्यापर्यंत खुणा घातलेलं, खालचा भाग जुनाच. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं पडदा पुसून काढला, त्यांना त्यातलं एक अक्षरही दिसत नसताना.

मी म्हटलं, "आप्पा, बंद करून देऊ का? उगंच तापत राहतंय."

"त्याचं काय ऱ्हायलंय का त्यात?" त्यांनी विचारलं.

"राहिलंय की. हे पान अर्धं हाय."

"मग असू दे चालू," आप्पा म्हणाले, आणि पंख्याचं तोंड त्यांनी माझ्याकडून काढून त्या मशिनकडं वळवलं.