गुरुजींना रोट का दिले नाहीत

मी चौथीपर्यंत शिकले ती साताऱ्याकडून आमच्या गावी बदलून आलेल्या गुरुजींमुळे. हे आधीच लिहून टाकते. नाहीतर घरच्या आठवणींत वाहवत जाईन आणि त्यांचंच राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते.

आमचं गाव शहाद्याजवळच्या प्रकाशा गावाच्या अलीकडे, तापीकाठी. घरात, वावरात, ओट्यावर सगळीकडे अहिराणी. शाळेत मात्र पुस्तकातली मराठी. बाहेर 'शे' म्हणायचं, आत गेलं की 'आहे'. ज्यांचे थोरले भाऊ शिकलेले होते त्यांना ते जमायचं. मी घरात थोरली. हिशोब यायचा, पाटीवर अक्षर चांगलं यायचं, पण उभं करून काही विचारलं की मी पाटीकडेच बघत राहायचे. तोंडून 'शे' निघेल आणि मागची पोरं हसतील, एवढंच डोक्यात. आधीच्या मास्तरांनी मला मठ्ठ ठरवून टाकलं होतं. तोंडी परीक्षेत मी बोलतच नसे, म्हणून दुसरीत दोनदा नापास झाले.

पुन्हा दुसरीत बसले तेव्हा वडिलांनी सांगितलं, "औंदा पास नही व्हयनी ते कापूस येचाले चाल. शाया पुरी." ते रागाने बोलले नव्हते. माझ्या वयाच्या बहुतेक पोरी वावरातच होत्या. मला मात्र शाळेत राहायचं होतं, आणि ते घरी बोलून दाखवायची सोय नव्हती.

त्याच वर्षी हे गुरुजी आले. एकटेच होते. गावाने त्यांच्या जेवणाच्या पाळ्या लावून दिल्या. सोमवार आमच्या घरी. त्यांना आमचं बोलणं निम्मं कळायचं नाही. माय त्यांना वाढताना काही विचारायची आणि ते नुसतेच मान हलवायचे, मग ताटात आणखी एक भाकरी पडायची.

श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी नारळाची कानबाई मांडायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. गव्हाचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करतात. घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून ते गहू दळायचे, आणि झालेले रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. संपेपर्यंत तेच खायचे. बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही.

त्या सोमवारी गुरुजी नेहमीच्या वेळेला दारात आले. आत माणसांची गर्दी, रोटांचा वास. वडील पुढे झाले आणि एवढंच म्हणाले की आज आमच्याकडे नाही, तुमचं गुजरांच्या घरी सांगितलंय. गुजरांच्या घरी कानबाई नसते, म्हणून मायने तिथे सोय केली होती. पण ते समजावून सांगायचं वडिलांना सुचलं नाही. आमच्यात हे कुणाला समजवावंच लागत नाही. गुरुजी वहाणा पायात सरकवून निघून गेले. त्यांचा उतरलेला चेहरा मी पाहिला होता. पुढच्या सोमवारी बरं नाही म्हणून निरोप आला. त्याच्या पुढच्या सोमवारीही ते आले नाहीत, आणि मग दिवाळीपर्यंत आलेच नाहीत. माय दर सोमवारी त्यांचं ताट वाढून वाट बघायची.

दिवाळीनंतर शाळा भरली तेव्हा गुरुजींनी एकेकाला उभं करून घरचा सण सांगायला लावलं. पोरांनी पुस्तकातली दिवाळी घडाघडा म्हटली. आकाशकंदील, उटणं, चकल्या, अनारसे. गुरुजी ऐकत राहिले. मग एका पोराला म्हणाले, "तुझ्या घरी मी दर बुधवारी जेवतो. हे अनारसे मला कुणी कसे वाढले नाहीत?"

पोरं हसली. तो पोरगा खाली बघत म्हणाला की आमच्याकडे करतच नाहीत. मग सांगितलंस कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, शाळेत तसंच सांगायचं असतं.

माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि नेहमीसारखी पाटीकडे बघू लागले. गुरुजी म्हणाले, "घरी बोलतेस तसं सांग. इथे कुणी हसणार नाही."

माझ्या मनात एकच गोष्ट साचलेली होती. ती बाहेर आली. "गुरुजी, तुम्ही आमना भाऊबंद नहीत. रोट घरना लोकेसनीच खावाना ऱ्हातस. माय तुमनावर रागे भरेल नही शे. मायले बी वाईट वाटनं."

शाळेत एवढं मी कधीच बोलले नव्हते. गुरुजींनी मला पुन्हा सांगायला लावलं. मुठींचं, दळणाचं, नदीचं. मग ते म्हणाले, आता हेच मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलो तर थांबव. मी दोन ठिकाणी थांबवलं. मग ते म्हणाले की आता तू माझ्या भाषेत सांग, मी थांबवतो. उरलेलं वर्षभर त्यांनी सगळ्यांना असंच शिकवलं. आधी घरचं बोलणं, मग पुस्तकातलं. आणि त्या दिवसानंतरच्या सोमवारी ते आमच्याकडे जेवायला आले. मायने तूप जास्त वाढलं.

उन्हाळ्यात शाळा तपासणारे डेपोटी साहेब परीक्षा घ्यायला आले. मला उभं केलं आणि मी पुन्हा पाटीकडे बघू लागले. वडील बाहेर निंबाखाली येऊन बसले होते. गुरुजींनी साहेबांना विनंती केली की हिला घरचा सण आधी घरच्या बोलीत सांगू द्या. साहेबांना ते पटलेलं दिसलं नाही. शाळेत बोली कशाला, म्हणाले.

"साहेब, तिथूनच ती इथवर येते," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी बरं म्हटलं आणि मी अहिराणीत सुरू केलं. कानबाई नदीवर पोचेपर्यंत माझी भीती मोडली. मग तेच मराठीत सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. साहेबांनी रोट म्हणजे काय ते विचारलं, त्याचंही उत्तर दिलं. मी पास झाले.  घराच्या दाराशी आल्यावर वडील मायला म्हणाले, "तिसरीनं पुस्तक लागी."

पुढे चौथी झाली. गावात शाळा तेवढीच. मग लग्न झालं आणि मालकांच्या नोकरीपायी मी इकडे हुबळीला आले. माझी मुलगी आता कानडी शाळेत जाते. तिच्या बाई सांगतात की घरीही कानडीच बोला, नाहीतर पोर मागे पडेल. मला रोज भीती वाटते की त्यांचं खरं असेल. तरी शाळेतून आली की मी तिला अहिराणीतच विचारते, आज काय शिकलीस, आणि ती सांगते. गेल्या महिन्यात तिने वर्गात उभं राहून कानडीत धडा सांगितला.

गुरुजींना आमच्याकडची कानबाईची गाणी हवी होती. बायका परपुरुषापुढे म्हणेनात, म्हणून ती त्यांना मिळाली नाहीत, आणि पुढे त्यांची बदली झाली. यंदा सुट्टीत माहेरी जाईन तेव्हा मायकडून सगळी गाणी लिहून घेणार आहे. शहाद्याच्या शिक्षण कचेरीत विचारून गुरुजींचा पत्ता काढीन आणि ती त्यांच्या हातात नेऊन देईन. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, पण देईनच.