भिंतीआडचा गारठा

बंदराच्या नियोजन विभागात त्यांना सगळे मोजपट्टीबाई म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण स्टीलचा टेप असायचाच. साहेबांना नवी केबिन मिळाली तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने आम्हाला आत बोलावलं. बाईंनी टेप काढला, दोन्ही बाजू मोजल्या आणि सरळ सांगून टाकलं, "जुनीच मोठी होती, साहेब." साहेब पुढचे काही दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

मी विजेच्या बाजूचा इंजिनिअर. थंड मालाच्या नव्या टर्मिनलचं काम आलं तेव्हा आराखडा बाईंकडे आणि त्यातली वीज माझ्याकडे, अशी वाटणी झाली. मासळी, फळं, औषधं असा माल जहाजातून उतरला की मध्ये कुठेही उन्हाची झळ न लागता थेट गार खोलीत गेला पाहिजे. थंड कंटेनर रांगेत उभे करायचे आणि प्रत्येकाला वीज द्यायची. ट्रक मागे घेऊन दाराला असा चिकटवायचा की मध्ये हवासुद्धा शिरू नये. आम्ही आठवडेच्या आठवडे कागदावर ट्रक वळवत बसलो होतो.

जागेचा प्रश्न मात्र नाजूक होता. धक्क्याला सगळ्यात जवळ जी जागा होती, तिथे जुनं शीतगृह उभं होतं. पुष्कळ वर्षांपासून बंद. साहेबांच्या मनात त्याच्याच जाड भिंती वापरून पुढे नवं बांधकाम करायचं होतं. त्यासाठी इमारत आतून-बाहेरून मोजायला हवी होती.

"दुसऱ्या कुणाला पाठवू का?" साहेबांनी बाईंना विचारलं. एवढ्या मऊ आवाजात ते कधी बोलत नसत.

"कशाला? मीच जाते," बाई म्हणाल्या.

त्यामागचं कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. बाईंचा थोरला भाऊ, त्यांचा दादा, त्याच शीतगृहात मशीन चालवायचा. बाई कॉलेजात होत्या तेव्हाची गोष्ट. एके दिवशी तो दुपारच्या पाळीला गेला आणि घरी परतलाच नाही. गेटवरच्या पहारेकऱ्याने त्याला आत जाताना पाहिलं होतं, बाहेर पडताना कुणीच पाहिलं नाही. खूप शोधाशोध झाली. जहाजावर चढून निघून गेला असेल, असं लोक म्हणाले, आणि हळूहळू तेच खरं धरून चालले. घरी उरल्या बाई आणि त्यांची वहिनी. वहिनींचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माहेरचे न्यायला आले तर त्यांना चहा देऊन परत पाठवलं. दोघींनी एकमेकींना धरून आयुष्य काढलं. वहिनी घरी शिवणकाम करायच्या. बाईंनी नकाशे काढायचं शिक्षण घेतलं आणि बंदरातच नोकरी धरली. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायच्या, "माझ्या मापाचा मिळाला नाही."

आम्ही शीतगृह उघडलं ते भर दुपारी. बाहेर पत्रे तापले होते, धक्क्यावर पाय टेकवत नव्हता. आत चार खोल्या एकीला लागून एक होत्या. मशीन केव्हाच भंगारात गेलेली, पाइप कापलेले, विजेची तार शिल्लक नव्हती. पहिल्या दोन खोल्यांत नुसती कोंदट हवा. तिसरीत पाऊल टाकलं आणि माझ्या हातावर काटा आला. खोली गार होती. सावलीत लागतो तसा गारवा नव्हता तो, फ्रीजचं दार उघडल्यावर तोंडावर येतो तसा होता.

"भिंतीत कॉर्कचा जाड थर असतो," मी म्हणालो. "थंडी धरून ठेवतो."

"इतकी वर्षं?" बाईंनी विचारलं.

सोबतचे मजूर दाराशीच थांबले. त्यातल्या एकाने भर दुपारी शर्टाचं वरचं बटण लावलं. बाई मात्र भिंतीला तळवा लावत पुढे गेल्या. चौथ्या खोलीकडच्या भिंतीशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग टेप काढून नेहमीसारखं मोजायला लागल्या.

ऑफिसात आल्यावर त्यांनी आकडे मांडले आणि पेन्सिल खाली ठेवली. बाहेरून मोजलेली लांबी आणि आतल्या खोल्यांची बेरीज, भिंतींची जाडी धरूनही, जुळत नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मध्ये थोडी जागा उरत होती. एक माणूस सहज उभा राहील, एवढी.

"मोजण्यात चूक झाली असेल," साहेब म्हणाले. बाईंची मोजणी चुकल्याचं कुणाच्याच आठवणीत नव्हतं. तरी त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन मोजून आल्या. उरलेली जागा तेवढीच होती.

भिंत फोडायचं ठरलं. पुढच्या सकाळी एक वयस्क गवंडी आला. त्याने तिसऱ्या खोलीच्या भिंतीवरचा पत्रा काढला, कॉर्कचे तुकडे उपसले. मागे विटांनी बुजवलेलं एक दार निघालं. गवंडी छिन्नी लावणार तोच थांबला. विटांच्या फटींतून सिमेंट आमच्या बाजूला ओघळून तसंच सुकलं होतं.

"पलीकडून बांधलंय हे," तो म्हणाला. "काम करणारा ज्या बाजूला असतो त्या बाजूने सांधे साफ करतो. ही मागची बाजू आहे."

"म्हणजे बांधणारा आत उभा होता?" बाईंनी विचारलं.

"तसंच दिसतंय. पलीकडून निघायला वाट असेल."

विटा निघाल्या. आत पाइपांसाठी सोडलेला एक अरुंद बोळ होता. आम्ही बॅटरी मारली. आमचे श्वास पांढरे दिसत होते. बोळ रिकामा होता. टोकाला सलग भिंत, वर काँक्रीटचं छत, खाली पाणी जायला मूठभर भोक. दुसरी वाट नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला गिलावा केलेला होता, अगदी गुळगुळीत, नीट वेळ घेऊन केलेला. खाली थापी पडली होती, धुऊन पुसून ठेवल्यासारखी. आणि कापलेल्या पाइपाच्या टोकाला एक स्वेटर लटकत होता. त्यावर हिम जमलं होतं.

बाईंनी स्वेटरची बाही उलटून पाहिली. कोपरापाशी वेगळ्या रंगाच्या लोकरीने रफू केलं होतं.

"वहिनीचा हात आहे," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्यांनी स्वेटर पाइपावरून उचलला आणि बोळातला गारठा हलला. मी वाऱ्याचं म्हणत नाही, वारा नव्हताच. अरुंद जिन्यात समोरून येणारा माणूस अंग चोरून आपल्या बाजूने जातो ना, तसं काहीतरी आमच्या शेजारून गेलं. आधी गवंड्याच्या, मग माझ्या. बाहेर दाराशी उभे असलेले मजूर एकदम दोन्ही बाजूंना सरकले, जणू कुणी वाट मागितली होती. पुढच्याच क्षणी खोलीतली हवा बाकीच्या खोल्यांसारखी कोंदट झाली आणि आम्हाला घाम फुटला.

पोलिस आले, बोळात वाकून पाहिलं, जमीन थोडी उकरली. काहीच सापडलं नाही. गवंड्याला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तो एकच सांगत राहिला, "बांधणारा आत होता. पुढचं मला विचारू नका."

पोलिसांनी परत दिल्यावर बाई स्वेटर घेऊन घरी गेल्या. त्या संध्याकाळी मीही सोबत होतो, एकटीला सोडवेना म्हणून. वहिनींनी शिवणाच्या मशीनवरून मान वर केली, स्वेटर पाहिला आणि हातातलं कापड खाली ठेवलं. रडल्या नाहीत. स्वेटर हातात घेऊन म्हणाल्या, "ओला आहे."

त्यानंतरचं मला बाईंनी सांगितलं. वहिनींनी स्वेटर गच्चीत कडक उन्हात वाळत घातला. दिवसभर त्यातून पाणी गळत राहिलं. पिळला, उलटा केला, पुन्हा घातला. सगळे कपडे कडकडीत वाळले, स्वेटर तेवढाच ओला. शेवटी वहिनींनी तो दोरीवरून काढला आणि तसाच अंगात घातला.

"अगं, आजारी पडशील!" बाई ओरडल्या.

"पडू दे. बाहेर कुठे वाळणार आहे तो?" वहिनी म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन पडल्या. दाराआडून बाईंना त्यांचा आवाज ऐकू आला, जेवायला उशिरा आलेल्या माणसावर लटकं रागवावं तसा. "किती गार पडलायत हात. बसा आता."

सकाळी स्वेटर कोरडा होता, उबदारही. वहिनी आजारी पडल्या नाहीत. उलट तब्येत सुधारली, मशीन चालवताना गुणगुणायला लागल्या. फक्त त्यांची खोली तेव्हापासून गार असते. उन्हाळ्यात शेजारणी त्यांच्याकडे येऊन बसतात आणि विचारतात, "एसी कुठल्या कंपनीचा हो? आवाज अजिबात नाही!" वहिनी हसतात आणि सरबत करायला उठतात.

एकदा मी बाईंना विचारलं, "ती खोली मोजलीत का, आतून-बाहेरून?"

"नाही," बाई म्हणाल्या. "आणि मोजणारही नाही." दादाचा विषय आमच्यात तेव्हाच संपला.

टर्मिनल झालं. जुनी इमारत पाडायची, हे बाईंनी साहेबांना पटवून दिलं. नव्या आराखड्यात त्यांनी कुठेही बंद पोकळी ठेवली नाही. पाइप सगळे उघड्यावरून नेले. प्रत्येक गार खोलीच्या दाराला आतून उघडणारी कडी बसवली आणि शेजारी एक घंटेचं बटण, अडकलेल्या माणसाने दाबायला. घंटा कंट्रोल रूममध्ये वाजते. एक नियम त्यांनी हट्टाने घालून घेतला. घंटा वाजली की दार उघडायचंच. आत कुणी नाही याची खात्री असली तरी, बिघाड आहे असं वाटलं तरी.

साहेब कुरकुरले, "दार उघडलं की थंडी बाहेर जाते, बाई. तुम्हीच सांगता ना?"

"जाऊ दे थोडी," बाई म्हणाल्या.

बाई निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. घंटेच्या तारा मी स्वतः तपासल्या आहेत, बदलल्याही आहेत. तरी धक्क्याकडच्या खोलीतली घंटा अधूनमधून वाजते, बहुतेक दुपारच्या पाळीत. हातातलं काम टाकून कुणीतरी जातं आणि दार उघडतं. आत खोकी रचलेली असतात, मध्ये माणूस नसतो. उघडणारा घटकाभर दाराच्या एका बाजूला सरकून उभा राहतो, मग दार लावून घेतो.